अलेक्झांड्रिया बघायला जाताय? सारखे येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

घरच्यांच्या नोकरीमुळे मी तीन वर्षं अलेक्झांड्रियात राहिले. तेव्हापासून ओळखीत कोणी इजिप्तचं तिकीट काढलं की मला मेसेज येतोच, आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून एकदाच नीट बसून सगळं लिहून काढलंय. सोपे प्रश्न आधी, किचकट नंतर, आणि एका उत्तरातलं दुसऱ्यात परत सांगण्याऐवजी नंबर दिलाय, तिकडे जाऊन वाचा.

१. कैरोहून अलेक्झांड्रियाला कसं जायचं? विमान घ्यावं का?

विमानाची काही गरज नाही, अंतर साधारण २२० किलोमीटर आहे. कैरोच्या रामसेस स्टेशनवरून ट्रेन पकडा, अडीच-तीन तासात पोचता. तिकडे दोन मोठी स्टेशनं आहेत, आधी सीदी गाबर येतं आणि शेवटचं महत्तत मस्र, म्हणजे मस्र स्टेशन. जुन्या जागा बघायच्या तर शेवटपर्यंत बसून राहा, सीदी गाबरला अर्धा डबा उतरतो म्हणून घाईघाईने उतरू नका. ही लाइन आफ्रिकेतली सगळ्यात जुनी रेल्वे आहे, १८५४ ला पहिला टप्पा सुरू झाला आणि १८५६ ला कैरोपर्यंत पोचली. म्हणजे आपली बोरीबंदर-ठाणे गाडी धावली त्याच्या पुढच्याच वर्षी. मला त्या स्टेशनात उतरताना हे दर वेळी आठवायचं.

२. एका दिवसात होतं का? टूरवाले तर कैरोहून डे ट्रिप देतात.

होतं, पण होतं म्हणजे काय तर सहा तास बसमध्ये, आणि मग किल्ला, खांब, कॅटाकोम्ब (म्हणजे जमिनीखालची दफनभूमी), लायब्ररी अशा चार ठिकाणी धावत फोटो. दोन रात्री राहा. पहिला दिवस शहराच्या आतल्या भागाला, दुसरा समुद्राकडच्या भागाला, आणि एक संध्याकाळ कॉर्निशवर, म्हणजे समुद्राकाठच्या रस्त्यावर, नुसतं चालायला. खरोखर एकच दिवस असेल तर क्रम प्रश्न १७ मध्ये दिलाय.

३. कोणत्या महिन्यात जावं?

मार्च ते मे किंवा ऑक्टोबर. उन्हाळ्यात अख्खं कैरो इकडे समुद्रावर येतं, गर्दी आणि हॉटेलचे दर दोन्ही वर जातात. हिवाळ्याबद्दल लोकांचा गैरसमज असतो की इजिप्त म्हणजे वाळवंट, पाऊस कुठला. अलेक्झांड्रियात हिवाळ्यात धो धो पाऊस पडतो. तिथले लोक या वादळांना 'नव्वा' म्हणतात आणि प्रत्येक नव्व्याला नाव आहे, साधारण तारखाही ठरलेल्या आहेत, आपल्याकडे नक्षत्रं असतात ना मृग, आर्द्रा, तसंच. नोव्हेंबरमधल्या एकाचं नाव 'मकनसा', म्हणजे झाडू, कारण तो रस्ते झाडून काढतो. कोळी लोक अजून त्यावरून बोटी काढायच्या की नाही ते ठरवतात. डिसेंबर-जानेवारीत जात असाल तर छत्री आणि चांगलं जॅकेट घ्या, लाटा कॉर्निशच्या कठड्यावरून थेट रस्त्यावर येतात.

४. "तिथे बघण्यासारखं काही उरलंच नाही" असं खूप जणांकडून ऐकलं. खरं आहे का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो आणि यावरच सगळ्यात जास्त बोलावंसं वाटतं.

लक्सरला कर्नाकचे खांब समोर उभे असतात, गिझाला पिरॅमिड दिसतात, तिथे कोणी काही समजावलं नाही तरी चालतं. अलेक्झांड्रिया तशी नाही. इ.स.पू. ३३१ मध्ये अलेक्झांडरने हे शहर वसवलं, त्याच्या पश्चात टॉलेमी घराण्याने जवळजवळ तीनशे वर्षं इथून राज्य केलं, भूमध्य समुद्रावरचं सगळ्यात श्रीमंत बंदर होतं हे. आणि मग ते शहर दोन दिशांना गेलं, काही जमिनीखाली आणि काही पाण्याखाली. भूकंप झाले, इ.स. ३६५ मध्ये त्सुनामी आली तेव्हा जहाजं घरांच्या छपरांवर जाऊन पडली असं त्या काळच्या इतिहासकाराने लिहून ठेवलंय, किनारा हळूहळू पाच-सहा मीटर खाली बसला आणि राजवाड्यांचा अख्खा भाग आजच्या पूर्व बंदरात बुडाला. उरलं ते दगड म्हणून वापरलं गेलं, नव्या भिंतीत, किल्ल्यात, मशिदीत. १७९८ ला नेपोलियन उतरला तेव्हा इथे जेमतेम काही हजार माणसं राहत होती, आणि आज पन्नास लाखांहून जास्त राहतात, ती सगळी त्या जुन्या शहराच्या डोक्यावर.

म्हणून इथे जे दिसतं ते बहुतेक अपघाताने दिसलेलं आहे. कुठे गाढव खड्ड्यात पडलं (प्र. ९), कुठे सरकारी इमारतीचा पाया खणताना संगमरवर लागला (प्र. १०), कुठे पाणबुड्याला समुद्रतळावर पुतळा दिसला (प्र. ६). एवढं मनात ठेवून गेलात तर नेहमीचे रस्तेसुद्धा वेगळे दिसायला लागतात. उदाहरणार्थ तारीक अल-हुर्रिया, लोक अजून फुआद स्ट्रीट म्हणतात, तिथे कपड्यांची दुकानं आहेत, बँका आहेत, हॉर्न वाजतायत, आणि हाच ढोबळमानाने टॉलेमींच्या काळातला शहराचा मुख्य रस्ता आहे, कॅनोपिक मार्ग. तेवीसशे वर्षं लोक त्याच रेषेत चालतायत.

५. ते जगातल्या सात आश्चर्यांपैकी दीपगृह कुठे आहे?

फारोसचं दीपगृह आता उभं नाही. ते जिथे होतं तिथे आज कैतबे किल्ला आहे, पूर्व बंदराच्या टोकावर, बंदराच्या काठावरून दिसतो.

दीपगृह इ.स.पू. २८० च्या सुमारास पूर्ण झालं, सोस्त्रातस हे नाव त्याच्याशी जोडलेलं आहे. खाली चौकोनी, मध्ये अष्टकोनी, वर गोल असे तीन टप्पे, उंची शंभर मीटरच्या वर. सोळाशे वर्षं ते या ना त्या अवस्थेत टिकलं, मग १३०३ च्या भूकंपाने पार खिळखिळं झालं. प्रवासी इब्न बतूता १३२६ मध्ये आला तेव्हा त्याला आत जाता आलं होतं, १३४९ मध्ये परत आला तर दारापर्यंतही पोचता येत नव्हतं. १४७७ मध्ये मामलूक सुलतान कैतबेने त्याच जागेवर किल्ला बांधायला घेतला आणि पडलेले दगडही वापरले. किल्ल्याच्या दाराशी आणि भिंतीत लाल ग्रॅनाइटचे तुकडे दिसतील, बाकी किल्ला फिक्या रंगाच्या चुनखडीचा आहे म्हणून ते लगेच वेगळे कळतात. तो ग्रॅनाइट आस्वानचा, म्हणजे हजारएक किलोमीटर वरून नाईलमधून आणलेला. ते तुकडे दीपगृहाचे असावेत असं मानलं जातं. हात लावून बघा, मी दर वेळी लावायचे.

फारोस हे मुळात बेट होतं. ते जमिनीला जोडायला सात स्टेडिया (ग्रीकांचं अंतराचं माप) लांबीचा बांध घातला, हेप्टास्टेडियन, हेप्टा म्हणजे आपलं सप्तच. त्या बांधाच्या दोन्ही बाजूंना शतकानुशतकं गाळ साठत गेला आणि आज तिथे अख्खी वस्ती आहे. तुम्ही मनशियाकडून किल्ल्याकडे टॅक्सीने जाता तेव्हा त्या बांधावरूनच जाता.

६. समुद्राखालचे अवशेष बघता येतात का? मला पोहता येत नाही.

पोहता येत नसेल तरी बरंच बघता येतं, कारण बाहेर काढलेल्या वस्तू जमिनीवर आहेत. १९६०च्या सुमारास कामेल अबुल-सादात नावाच्या स्थानिक पाणबुड्याने किल्ल्याजवळ पाण्यात मोठे पुतळे असल्याचं सांगितलं. पण मोठं काम १९९४ पासून झालं, झाँ-इव्ह आंपरर यांच्या फ्रेंच टीमने किल्ल्याखालच्या पाण्यात स्फिंक्स, खांब, पुतळ्यांचे भाग असे हजारो तुकडे नोंदवले. दुसरीकडे फ्रांक गोद्यो यांच्या टीमने पूर्व बंदरात बुडालेला राजवाड्यांचा भाग शोधला. किल्ल्याखालच्या पाण्यातला टॉलेमी राजाचा प्रचंड पुतळा १९९५ मध्ये वर काढला, तो आता नव्या लायब्ररीच्या समोर उभा आहे, लोक त्याच्याजवळून न बघता आत जातात. आणखी काही तुकडे कोम अल-दिक्काच्या आवारात उघड्यावर मांडलेत (प्र. १०).

डायव्हिंग करणाऱ्यांसाठी: स्थानिक डायव्ह सेंटर नेतात, पण परवानगी आणि हवामान यावर सगळं अवलंबून असतं आणि पाणी बरेचदा गढूळ असतं. लाल समुद्रासारखं निळं आणि स्वच्छ दिसेल अशी अपेक्षा नको. पाण्याखालचं म्युझियम होणार अशा बातम्या वर्षानुवर्षं येतात, त्यावर प्लॅन आखू नका.

७. प्राचीन लायब्ररी म्हणजे तीच का जी आता गोल बिल्डिंग आहे?

नाही. आत्ताची बिब्लिओथेका अलेक्झांड्रिना २००२ मध्ये उघडली, नॉर्वेच्या स्नोहेट्टा या फर्मचं डिझाइन आहे. समुद्राकडे कललेली गोल छपराची चकती, बाहेरच्या ग्रॅनाइटच्या भिंतीवर १२० लिप्यांमधली अक्षरं कोरलेली. आपल्या ओळखीची अक्षरं शोधत त्या भिंतीभोवती फिरण्यात अर्धा तास सहज जातो. आत वाचनाचा हॉल अकरा पायऱ्यापायऱ्यांच्या मजल्यांवर उतरत जातो, नुसतं तिथे उभं राहिलं तरी बरं वाटतं. आतच एक पुराणवस्तूंचं म्युझियम आहे, बांधकामाच्या वेळी पाया खणताना सापडलेली कुत्र्याची मोझेक तिथे आहे. ती नक्की बघा, पालथ्या पडलेल्या भांड्याशेजारी बसलेला कुत्रा, गळ्यात लाल पट्टा, डोळ्यात इतका जिवंत भाव की दोन हजार वर्षांपूर्वीचा आहे हे विसरायला होतं.

जुन्या लायब्ररीची एक वीटही सापडलेली नाही. ती राजवाड्यांच्या भागात होती, म्हणजे आजच्या लायब्ररीच्या जवळपासच कुठेतरी.

८. मग ती जुनी लायब्ररी जाळली कोणी? गाइड एक सांगतो, गूगल दुसरं.

एका रात्रीत एका माणसाने जाळली असं झालेलं नाही, आणि प्रत्येक जण आपल्याला हवा तो आरोपी निवडतो. इ.स.पू. १४५ च्या सुमारास आठव्या टॉलेमीने विद्वानांनाच शहराबाहेर हाकललं, माझ्या मते खरा घाव तिथेच बसला. इ.स.पू. ४८ मध्ये सीझर इथे अडकला होता तेव्हा त्याने बंदरातली जहाजं पेटवली, आग पसरली आणि पुस्तकं जळाली. पुढे रोमन काळातल्या लढायांत राजवाड्यांचा भाग उद्ध्वस्त झाला. ३९१ मध्ये सेरापियमचं देऊळ ख्रिस्ती जमावाने पाडलं, तिथे लायब्ररीची एक शाखा होती. खलिफा उमरच्या हुकमाने पुस्तकं हमामखान्यात जळण म्हणून वापरली ही गोष्ट पहिल्यांदा लिहिलेली दिसते ती अरबांनी शहर घेतल्यावर जवळजवळ साडेपाचशे-सहाशे वर्षांनी, म्हणून बहुतेक इतिहासकार ती मानत नाहीत. गाइडने ती ठासून सांगितली तर वाद घालू नका, पण घरी येऊन पोरांना तशीच सांगू नका.

त्यापेक्षा तिथे काय झालं ते सांगा. शाळेत आपण ज्या युक्लिडची भूमिती शिकलो तो याच शहरात शिकवायचा. एराटोस्थेनिसने आस्वानच्या विहिरीतलं ऊन आणि अलेक्झांड्रियातली सावली यांची तुलना करून पृथ्वीचा घेर काढला, सावलीचा कोन वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाइतका भरला, अंतर पाच हजार स्टेडिया, गुणाकार केला, संपलं. बंदरात येणाऱ्या जहाजांवरची पुस्तकं जप्त करून नकल करायचे, आणि मूळ प्रत ठेवून मालकाला नक्कल परत द्यायचे असंही वाचायला मिळतं.

९. कोम अल-शुकाफाच्या कॅटाकोम्बमध्ये भीती वाटते का? आईला गुडघेदुखी आहे, मुलगा आठ वर्षांचा आहे.

भीती वाटत नाही, हाडंबिडं मांडून ठेवलेली नाहीत. पण गुडघ्यांचा विचार करा, गोल जिना आहे, ९९ पायऱ्या, पायऱ्या बुटक्या आहेत पण चढताना दम लागतो. मधे लिफ्ट वगैरे काही नाही. आईंना वरच्या आवारात सावलीत बसवा, तिथेही कोरीव शवपेट्या ठेवल्यात. आठ वर्षांच्या मुलाला मात्र खूप आवडेल.

१९०० साली एक गाढव जमिनीतल्या भोकात पडलं आणि ही जागा सापडली अशी गोष्ट सांगतात. इ.स. दुसऱ्या शतकातली दफनभूमी, खडकात तीन मजले खाली कोरलेली. मधल्या विहिरीसारख्या खोल खड्ड्यातून दोरांनी प्रेतं खाली सोडायचे. वर एक जेवणाची खोली आहे, तीन बाजूंनी दगडी ओटे, वर्षश्राद्धाला म्हणा ना, नातेवाईक येऊन तिथे गेलेल्या माणसाच्या आठवणीत जेवायचे. आणि जेवल्यावर वापरलेली मातीची भांडी घरी न्यायची नाहीत, तिथेच फोडून टाकायची. त्या खापऱ्यांचा ढीग झाला, म्हणूनच नाव कोम अल-शुकाफा, खापऱ्यांची टेकडी. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा आपल्याकडे अंत्यविधीत मडकं फोडतात ते आठवून अंगावर काटा आला होता.

मुख्य गाभाऱ्याच्या दाराशी थांबा आणि घाई करू नका. अनुबिस, म्हणजे कोल्ह्याच्या तोंडाचा इजिप्शियन देव, त्याला रोमन शिपायाचं चिलखत घातलंय. दाराच्या दोन्ही बाजूंना नाग, डोक्यावर फेरोचा मुकुट आणि वरती ढालींवर ग्रीकांची मेडुसा. इजिप्शियन, ग्रीक, रोमन तिन्ही एकाच भिंतीवर, आणि हे कोणा कारागिराने आपल्या गिऱ्हाइकाला हवं तसं करून दिलंय. हे शहर कसं होतं ते मला या एका दारावरून कळलं. सगळ्यात खालचा मजला भूजलात होता, पाणी उतरवायचं मोठं काम २०१९ मध्ये पूर्ण झालं, तरी तो भाग सहसा उघडा नसतो.

१०. कोम अल-दिक्का म्हणजे रोमन थिएटरच ना? रोम बघितलंय, मग वेगळं काय?

थिएटर छोटं आहे, संगमरवरी आसनांच्या तेरा रांगा, कोलोसियमशी तुलना केलीत तर निराश व्हाल. १९६० मध्ये इथे ढिगारा हटवून सरकारी इमारत बांधायची होती, तेव्हा खाली हे लागलं आणि पोलंडच्या पुरातत्त्व टीमने पुढची अनेक दशकं खणलं. वेगळं आहे ते थिएटरच्या शेजारी. वीसेक खोल्या ओळीने, प्रत्येकीत तीन बाजूंना दगडी बाक आणि मध्ये वर चढून बसायचं एक आसन. या वर्गखोल्या आहेत, पाचव्या ते सातव्या शतकातल्या. म्हणजे लायब्ररी गेल्यावर, गणित शिकवणाऱ्या विदुषी हायपेशियाला ४१५ मध्ये जमावाने मारल्यावर सुद्धा, या शहरात पोरं येऊन बाकावर बसत होती आणि मास्तर वर बसून शिकवत होते. मी शिक्षिकेची मुलगी आहे, त्या बाकांवर मी किती वेळा जाऊन बसले त्याला हिशोब नाही.

त्याच आवारात पक्ष्यांच्या मोझेकचा बंगला आहे, तिकीट वेगळं असतं, घ्या. स्टेशनपासून चालत पाच-दहा मिनिटं.

११. पॉम्पीचा खांब पॉम्पीने उभारला का?

नाही, पॉम्पी या रोमन सेनापतीचा त्याच्याशी काही संबंध नाही, मध्ययुगात युरोपियन लोकांनी चुकून नाव दिलं. तो रोमन सम्राट डायोक्लेशनच्या सन्मानार्थ इ.स. ३०० च्या आसपास उभारला, तळाशी तसा ग्रीक लेख आहे. आणि डायोक्लेशनने त्याआधी याच शहराला कित्येक महिने वेढा घालून उपाशी ठेवलं होतं, हेही लक्षात असू द्या. एकसंध आस्वानी ग्रॅनाइटचा वीस मीटरचा दांडा, वरचं-खालचं धरून सत्तावीस मीटरच्या आसपास. अरबीत 'अमूद अस-सवारी' विचारा, टॅक्सीवाल्याला पॉम्पी माहीत नसतो.

खांब बघून परत फिरू नका. त्याच टेकडीवर सेरापियमचं देऊळ होतं (प्र. ८), खाली खडकातले बोगदे आहेत, त्यात उतरता येतं.

१२. एकच म्युझियम करायचं असेल तर कोणतं?

ग्रीको-रोमन म्युझियम. १८९२ मध्ये स्थापन झालं, २००५ मध्ये दुरुस्तीला बंद केलं ते थेट ऑक्टोबर २०२३ मध्ये उघडलं, म्हणून जुन्या ब्लॉगवर 'बंद आहे' असं दिसेल, तिकडे लक्ष देऊ नका. सेरापियममध्ये सापडलेला काळ्या दगडाचा एपिस बैल तिथे आहे, आपल्याला नंदीची सवय असल्यामुळे त्याच्यासमोर पाय आपोआप थांबतात. दुसरं नॅशनल म्युझियम, एका लाकूड व्यापाऱ्याच्या जुन्या हवेलीत आहे, छोटं आणि नीटनेटकं, वेळ असेल तर.

१३. अलेक्झांडरची कबर आणि क्लिओपात्राची कबर कुठे आहे?

दोन्ही सापडलेल्या नाहीत. अलेक्झांडर बॅबिलोनमध्ये इ.स.पू. ३२३ ला वारला, त्याचं शव मॅसिडोनियाला निघालं होतं ते पहिल्या टॉलेमीने वाटेतच पळवून इजिप्तला आणलं. पुढे ते या शहरात होतं, ऑगस्टसने येऊन पाहिलं, इ.स. २१५ मध्ये काराकॅला सम्राट आला तोपर्यंत नोंद आहे, नंतर काही नाही. नबी दानियल मशिदीखाली आहे असं लोक सांगतात, पुरावा नाही. लॅटिन दफनभूमीतली अलाबास्टरची थडग्याची खोली काही अभ्यासकांना त्याच्याशी जोडावीशी वाटते.

क्लिओपात्रा इ.स.पू. ३० मध्ये याच शहरात मेली. डॉमिनिकन रिपब्लिकच्या संशोधक कॅथलीन मार्टिनेझ २००५ पासून शहराच्या पश्चिमेला तापोसिरिस माग्ना इथे शोध घेतायत, २०२२ मध्ये तिथे तेराशे मीटरचा बोगदा सापडला. कबर अजून नाही. "क्लिओपात्राची कबर दाखवतो" म्हणून कोणी पैसे मागितले तर देऊ नका.

१४. आणि क्लिओपात्राची सुई?

ती बघायची तर लंडन किंवा न्यूयॉर्कला जा. दोन ओबेलिस्क, म्हणजे एकाच दगडाचे उंच टोकदार स्तंभ, होते, मुळात तिसऱ्या थुटमोसचे, म्हणजे क्लिओपात्राच्या चौदाशे वर्षं आधीचे, तिच्या मृत्यूनंतर रोमनांनी ते इथे आणून उभे केले. एक १८७८ मध्ये थेम्सच्या काठी, दुसरा १८८१ मध्ये सेंट्रल पार्कात गेला. अलेक्झांड्रियात आता एकही नाही.

१५. आपल्याकडचा काही संबंध आहे का या शहराशी?

आहे, आणि चांगला घट्ट आहे. सोपारा, कल्याण, चौल ही आपली बंदरं आणि पैठण, तेर ही गावं, या सगळ्यांची नावं इ.स. पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या समुद्रप्रवासाच्या पुस्तिकेत आहेत, पेरिप्लसमध्ये. माल अलेक्झांड्रियाहून नाईलमधून वर कोप्टोसला जायचा, तिथून उंटांवर लाल समुद्राच्या बंदराला, आणि पुढे मोसमी वाऱ्यावर आपल्या किनाऱ्याला. येताना मिरी, कापड, हस्तिदंत त्याच वाटेने अलेक्झांड्रियाच्या गोदामात, तिथे २५ टक्के जकात. कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेला ब्राँझचा छोटा पोसायडन टाउन हॉल म्युझियममध्ये आहे, तो अलेक्झांड्रियात घडवला असावा असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे. अशोकाच्या तेराव्या शिलालेखात 'तुरमाय' राजाचं नाव येतं, तो म्हणजे दुसरा टॉलेमी, ज्याच्या काळात दीपगृह पूर्ण झालं.

जाण्याआधी जमलं तर कोल्हापूरचा तो पोसायडन बघून जा. मी उलटं केलं, परत आल्यावर बघितला, आणि तळहाताएवढ्या त्या देवासमोर बराच वेळ उभी होते.

१६. शाकाहारी माणसाचं काय? आणि बायकांनी एकटं फिरावं का?

शाकाहारींची चंगळ आहे. फूल म्हणजे बाकल्याच्या दाण्यांची उसळ, तामिया म्हणजे त्याच दाण्यांची भजी, कोशरी म्हणजे भात-मसूर-मॅकरोनी-हरभरे आणि वर तळलेला कांदा. "मिन घेर लहमा" म्हणजे मटण नको, पण चिकन आणि मासे ते 'लहमा'त धरत नाहीत, म्हणून "वला फिराख, वला समक" पण जोडा. मुलुखिया ही पालेभाजी दिसते निरागस पण बहुतेक वेळा चिकनच्या पाण्यात शिजवतात. सगळ्यात कामाचा शब्द 'सियामी', कॉप्टिक ख्रिश्चनांच्या उपासाचं जेवण, त्यात मांस, दूध, अंडं काही नसतं (मासे काही उपासांना चालतात, तेवढं विचारा). बिलाला 'हिसाब' म्हणतात, दुकानाला 'दुक्कान', साबणाला 'साबून', आणि 'बक्षीस' तर तुम्हाला दिवसातून दहादा ऐकू येईल.

मी एकटी खूप फिरले, कॉर्निशवर रात्री दहाला सुद्धा कुटुंबं असतात. खांदे-गुडघे झाकलेले कपडे घाला, त्याने बरंच सोपं होतं. डोक्यावर ओढणी फक्त मशिदीत. अबुल अब्बास अल-मुर्सीच्या मशिदीत बायकांचं दार वेगळं आहे, नमाजाची वेळ टाळा. नबी दानियल रस्त्यावरचं सिनेगॉग २०२० मध्ये दुरुस्त होऊन उघडलं, पण तिथे असंच आत सोडत नाहीत, परवानगी आधी लागते.

१७. एकाच दिवसाचा क्रम सांगा ना.

सकाळी मस्र स्टेशन, लगेच कोम अल-दिक्का, तिथून चालत ग्रीको-रोमन म्युझियम. मग टॅक्सीने कॅटाकोम्ब आणि तिथून खांब, दोन्ही जवळजवळ आहेत. जेवण उशिरा, मग किल्ला, आणि उजेड असेल तोवर लायब्ररी बाहेरून. टॅक्सी काळी-पिवळी असते, मुंबईकरांना घरचंच वाटेल, भाडं बसायच्या आधी ठरवा. बऱ्याच सरकारी ठिकाणी तिकिटाला रोख घेत नाहीत, कार्ड लागतं, माझे पाहुणे यात दोनदा अडकले. दर आणि वेळा बदलतात म्हणून इथे लिहीत नाही. ड्रोन नेऊ नका, विमानतळावरच काढून घेतात.

१८. एक दिवस जादा आहे, जवळपास काय?

पूर्वेला अबू कीर, त्याच्या समोरच्या समुद्रात थोनिस-हेराक्लिओन हे अख्खं बंदर बुडालेलं आहे, २००० साली सापडलं, पण किनाऱ्यावरून काही दिसत नाही, वस्तू म्युझियममध्येच. पश्चिमेला तापोसिरिस माग्ना, तिथे फारोसच्या दीपगृहाच्या आकाराचा छोटा मनोरा अजून उभा आहे, तीन टप्पे कसे असतील ते तिथे डोळ्यांनी कळतं. माझं ऐकाल तर त्याच दिशेला, अलेक्झांड्रियापासून शंभरेक किलोमीटरवर, अल-अलामीनला जा. इतिहास प्राचीन नाही, १९४२ चा आहे, दुसऱ्या महायुद्धातल्या कॉमनवेल्थ सैनिकांच्या सात हजारांहून जास्त कबरी. तिथेच एक वेगळं दहन-स्मारक आहे, हिंदू आणि शीख जवानांवर त्यांच्या धर्माप्रमाणे अग्निसंस्कार झाले त्यांचं, सहाशेहून जास्त नावं. टूरच्या बसेस तिथे पाच मिनिटं थांबतात. ड्रायव्हरला आधीच सांगून ठेवा की तुम्हाला तासभर लागणार आहे, आणि पाण्याची बाटली बरोबर ठेवा, सावली कुठेच नाही.